कंपाउंड धनुष्य घेताय? कोकणात या चुका टाळा

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या, तिरंदाजीत जगज्जेते झाले. रत्नागिरी-मालवणच्या पोरांनाही हे धनुष्य हातात घ्यावंसं वाटतं, आणि वाटावंच. मात्र पैसे मोजण्याआधी माप घ्या.

सर्वांत महागडी चूक ड्रॉ लेंथची, म्हणजे दोरी किती इंच मागे येते त्या मापाची. कंपाउंडचा कॅम (टोकाचं चाक) ठरलेल्या जागी अडतो, त्यापुढे दोरी येत नाही. दोन्ही हात आडवे पसरा, बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजून अडीचने भागा. ६५ इंच भरले तर साधारण २६. हा अंदाज झाला. नक्की माप प्रशिक्षकासमोर ओढूनच ठरवा. लेंथ जास्त असली की पाठ मागे कलते आणि दोरीचा फटका पुढच्या हातावर बसतो. भावाचं किंवा मित्राचं जुनं धनुष्य स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका.

पाउंडेजचा, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराचा, हट्टही नको. पूर्ण ओढल्यावर बराचसा भार उतरतो खरा, पण तिथवर ओढायचं खांद्यालाच. धनुष्य आभाळाकडे उचलून ओढावं लागत असेल तर ते तुम्हाला जड आहे, लिंबांचे (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांचे) स्क्रू ढिले करून वजन उतरवा.

बाण न लावता दोरी कधीच सोडू नका. बाणात जायची ताकद लिंब आणि कॅमवर उलटते, धनुष्य फुटतं, माणूस जखमी होतो. घरी आलेला पाहुणा ‘बघू जरा’ म्हणाला तरी नाहीच. फार हलका बाणही असाच घातक. पाउंडेजच्या दर पाउंडामागे बाणाचं किमान पाच ग्रेन (वजनाचं छोटं माप) वजन हवं.

जांभ्याच्या गडग्यासमोर टार्गेट लावू नका. चुकलेला बाण दगडावर फुटतो किंवा उलटून येतो. आपटलेला कार्बन बाण हलकेच वाकवून बघा, करकरला तर फेकून द्या. कलमांच्या बागेतून पायवाट जात असेल तर तिथे सराव नकोच.

खारी हवा अ‍ॅक्सल (कॅमचा आस) आणि स्क्रू गंजवते. रोज कोरड्या फडक्याने पुसा, दोरीला वॅक्स लावा, पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. उन्हात बंद गाडीत धनुष्य ठेवलंत तर दोरी ताणते, पीप (दोरीतलं नेम धरायचं छिद्र) फिरतो.

बाण एका बाजूला जायला लागले की लगेच साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) हलवू नका. आधी मूठ आवळली जातेय का, दोरी सोडताना झटका बसतोय का, ते बघा. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात लावलेली साइट सकाळी चुकणारच. ती वारा पडलेला असताना लावा.