डंपर-लोडरच्या टायरमध्ये वायरलेस दाब-तापमान सेन्सर: निवड, बसवणी आणि आकडे वाचण्याची रीत

मोठ्या डंपरच्या टायरमधली हवा कमी झाली तरी ते सहज डोळ्यांना दिसत नाही. रेडियल टायरची साइडवॉल मुळातच थोडी फुगलेली असते. मागच्या जोडीतला आतला टायर तर वाकल्याशिवाय नजरेसच पडत नाही. जोडीतल्या एकाची हवा गेली की त्याचं वजन दुसऱ्यावर पडतं. मग कमी हवेचा टायर जास्त दबून तापतो आणि दुसरा जास्त वजनाने तापतो. हे वेळेत कळावं म्हणून सेन्सर बसवायचा. तो दाब आणि तापमान असे दोन आकडे देतो, आणि ते दोन्ही एकत्र वाचावे लागतात. नुसता दाब पाहून निर्णय घेतला तर सेन्सर असूनही टायर जातो. तो कसा, ते पुढे उदाहरणासह आहे.

आधी कोणती माहिती हवी

प्रत्येक टायरचा साइज, रिमचा प्रकार आणि थंड टायरमध्ये किती हवा पाहिजे तो आकडा लिहून ठेवा. हा आकडा साइडवॉलवरून घेऊ नका. टायर कंपनीच्या लोड टेबलमधून घ्या आणि त्यासाठी भरलेल्या गाडीचं प्रत्यक्ष वजन वापरा. पुढच्या आणि मागच्या टायरवर वेगळा भार येत असेल तर दाबही वेगळा निघू शकतो. आकडा गेज दाबाचा (बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा टायरमध्ये जेवढा जास्त दाब आहे तेवढा) आहे ना, याची खात्री करा. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय आणि १०० किलोपास्कल. स्क्रीन, हातातला गेज आणि रजिस्टर या तिन्हींत एकच एकक ठेवा, कारण बार आणि पीएसआयच्या गोंधळात अलार्मच चुकीचा सेट होतो.

टायरमध्ये फोम भरलेला असेल तर दाबाच्या सेन्सरचा काही उपयोग नाही. पाणी, कॅल्शियम क्लोराइड किंवा पंक्चर सीलंट भरलेलं असेल, तर ते चालेल असं सेन्सर कंपनीकडून लेखी घ्या. सीलंट सेन्सरच्या बारीक भोकात बसलं की दाबाचा आकडा अडकतो आणि हवा निघून गेली तरी तोच दिसत राहतो.

कोणता सेन्सर घ्यायचा

व्हॉल्व्हवर बाहेरून बसणारा सेन्सर सर्वात सोपा, कारण टायर उतरवावा लागत नाही. पण तो तापमान मोजतो व्हॉल्व्हच्या टोकाचं. तिथे वारा लागतो, ऊन लागतं, चिखल बसतो, त्यामुळे आतली हवा बरीच तापलेली असली तरी आकडा कमीच येतो. शिवाय दगड लागून तो तुटू शकतो. दाबासाठी तो ठीक आहे, तापमानाच्या अलार्मसाठी त्याच्यावर विसंबू नका.

रिमला आतून स्टीलच्या पट्ट्याने बांधलेला सेन्सर आतल्या हवेचा दाब बरोबर देतो. मात्र ब्रेक आणि फायनल ड्राइव्हची (चाकाजवळच्या गिअरची) उष्णता रिममधून त्याच्यापर्यंत पोहोचते. लांब उतारावर ब्रेक लावत आलेल्या गाडीत टायर बरा असूनही हा आकडा चढलेला दिसतो.

टायरच्या आतल्या लायनरवर रबरी पॅचमध्ये बसवलेला सेन्सर रबराच्या सर्वात जवळ असतो. लांब पल्ल्यावर जोरात पळणाऱ्या डंपरसाठी हाच घ्या. टायर दुसऱ्या गाडीवर गेला तर सेन्सरही त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे त्या टायरचा इतिहास तुटत नाही. फक्त तो बसवताना टायर उतरवावा लागतो आणि चिकटवण्याचं काम नीट व्हावं लागतं.

पॅच सेन्सर चिकटवणं

रिमच्या कोणत्याही नटाला हात लावण्याआधी व्हॉल्व्ह कोअर (व्हॉल्व्हच्या आतली हवा अडवणारी पिन) काढून टायरची सगळी हवा सोडा. जोडीचे टायर असतील तर दोन्हींची सोडा. भोकात बर्फ किंवा चिखल अडकून हवा थांबली असेल, म्हणून तार घालून मार्ग मोकळा आहे का ते पाहा. या कामात माणसं दगावतात ती बहुतेक याच टप्प्यावर, तेव्हा इथे घाई नको.

जागा सेन्सर कंपनीने दाखवली असेल तीच घ्या. ती बीडपासून (टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेपासून) लांब हवी, नाहीतर पुढच्या वेळी टायर उतरवताना बीड तोडायचं हत्यार थेट सेन्सरवर येतं. त्याच रेषेत बाहेरून साइडवॉलवर खूण करून ठेवा.

१. प्री-बफ क्लीनर लावून ओलं असतानाच पत्रीने खरवडा. आतल्या लायनरवर साच्यातून सुटायला लावलेला सिलिकॉनचा थर असतो. तो राहिला तर कोणतंही सोल्यूशन धरत नाही.

२. पॅचपेक्षा चारी बाजूंनी दोनेक सेंटिमीटर जास्त जागा बफ करा. मिनिटाला ५,००० फेऱ्यांपेक्षा कमी वेगाचं बफर वापरा. जास्त वेगाने रबर जळून चकाकतं आणि त्यावर पकड बसत नाही. पृष्ठभाग मखमलीसारखा मॅट दिसला की थांबा. लायनर पातळ असतो, खाली दोरे किंवा तार दिसू लागली तर ती जागा पंक्चरवाल्या पॅचचीच झाली.

३. धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यातलं तेल आणि पाणी साफ केलेल्या जागेवर बसतं.

४. सोल्यूशनचा पातळ थर ब्रशने लावा आणि वाळू द्या. बोटाची मागची बाजू टेकवून पाहा. ओढ जाणवली पाहिजे, पण बोटाला काही लागता कामा नये. दमट हवेत याला जास्त वेळ लागतो. ओल्या सोल्यूशनवर पॅच बसवला तर सॉल्व्हंटची वाफ आत कोंडते आणि गरम झाल्यावर तिथे फुगा येतो. पॅच सुटण्याचं हे नेहमीचं कारण.

५. पॅच मधून टेकवा आणि रोलरने मध्यापासून कडेकडे दाबत जा. सेन्सरवरची बाणाची दिशा टायरच्या फिरण्याशी जुळवा. ती उलटी गेली तर काही मॉडेलचा अँटेना आडवा पडतो आणि सिग्नल कमजोर होतो.

६. कंपनीने सांगितलेला वेळ पूर्ण झाल्यावरच हवा भरा. त्याआधी सेन्सरचा आयडी क्रमांक टायरच्या क्रमांकासमोर नोंदवा आणि हँडहेल्ड रीडरने तो बोलतो का ते तपासा. हवा भरल्यावर कळलं की तो मुका आहे, तर अख्खं काम पुन्हा करावं लागतं.

मोठ्या टायरच्या आत माणूस शिरून हे काम करतो. आत पंखा चालू ठेवा आणि बाहेर एक माणूस उभा करा, कारण सॉल्व्हंटची वाफ तिथे साचते. हवा भरताना लांब होज आणि क्लिपचा चक वापरा, टायरच्या समोर उभं राहू नका आणि लॉक रिंग (टायर रिमवर अडकवून ठेवणारी कडी) नीट बसली की नाही ते पाहा.

व्हॉल्व्हवरचा सेन्सर बसवताना ओ-रिंग बदला, हाताने घट्ट करा आणि साबणाचं पाणी लावून पाहा. लांब, मोकळ्या व्हॉल्व्हवर वजन लटकतं आणि खड्ड्यांत हेलकावे खाऊन व्हॉल्व्ह मुळाशी चिरतो. म्हणून व्हॉल्व्हला रिमवर क्लिपचा आधार द्या.

रिसीव्हर आणि अँटेना

पुष्कळ सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. आपल्या देशात परवान्याशिवाय कोणता पट्टा चालतो ते पाहूनच सेट घ्या. स्टीलचे बेल्ट, रिम आणि डंप बॉडी हे सगळं सिग्नल अडवतं. कॅबमधला एकच अँटेना पुढचे दोन टायर छान पकडतो आणि मागच्या आतल्या जोडीपाशी कमी पडतो. मागच्या एक्सलजवळ चेसिसवर रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा) लावा. तो बॉडीच्या एग्झॉस्टने तापणाऱ्या भागापासून आणि पाइपांच्या घासण्यापासून लांब असावा. वीज २४ व्होल्टच्या इग्निशन लाइनवरून घ्या आणि कंपनीने सांगितलेला फ्यूज बॅटरीच्या बाजूला लावा. रेडिओच्या अँटेनाच्या शेजारी रिसीव्हर ठेवू नका.

तपासणी उभ्या गाडीवर पुरी होत नाही. इंजिन चालू ठेवून, बॉडी एकदा खाली आणि एकदा वर असताना, प्रत्येक चाक किमान एक पूर्ण फेरी फिरेल इतकी गाडी हळू चालवा आणि सहाही टायर स्क्रीनवर येतात का ते पाहा. चाक ठरावीक कोनात थांबल्यावर एखादा सेन्सर गप्प होत असेल तर अँटेनाची जागा बदला.

अलार्म

सुरुवातीला थंड दाबाच्या १० टक्के खाली इशारा आणि २० टक्के खाली गाडी थांबवण्याचा अलार्म ठेवा. थंड दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर गाडी चालली असेल तर टायर उतरवून आतून तपासल्याशिवाय हवा भरू नका. आतल्या तारा तुटलेल्या असू शकतात आणि तसा टायर भरताना साइडवॉल चिरत फुटतो. तापमानाचा आकडा टायर कंपनीकडूनच घ्या. तो टायरच्या रबर प्रकारावर आणि सेन्सर कुठे आहे त्यावर अवलंबून असतो. आतल्या हवेसाठी पुष्कळ ठिकाणी ८० ते ८५ अंशांच्या आसपास पहिला इशारा ठेवतात.

दोन आकडे जोडीने वाचणं

समजा २५ अंशांना थंड दाब १०० पीएसआय आहे. काम करून आतली हवा ७० अंश झाली तर दाब किती व्हायला हवा? गेज आकड्यात १४.७ (बाहेरच्या हवेचा दाब) मिळवा, तापमानात २७३ मिळवा (म्हणजे ते केल्विनमध्ये येतं):

११४.७ × ३४३ ÷ २९८ = १३२. त्यातून १४.७ वजा केले की सुमारे ११७ पीएसआय.

आता स्क्रीनवर ७० अंशांना १०४ पीएसआय दिसतंय. ड्रायव्हर म्हणतो, शंभरच्या वर आहे, ठीक आहे. पण उलट गणित मांडा: ११८.७ × २९८ ÷ ३४३ = १०३.१, वजा १४.७ म्हणजे थंड दाब फक्त ८८ पीएसआय. बारा टक्के हवा कमी आहे आणि नुसत्या दाबाच्या अलार्मला ते कळलेलंही नाही. म्हणून तापमानानुसार दुरुस्त केलेला दाब दाखवणारीच प्रणाली घ्या. नसेल तर प्रत्येक गाडीसाठी ५-५ अंशांचा तक्ता करून कॅबमध्ये लावा.

याच कारणाने गरम टायरची हवा कधीही सोडू नका. वरच्या टायरमध्ये ११७ दिसले म्हणून कोणी १०० वर आणले तर सकाळी तो ८५ वर बसलेला असतो. पुढच्या पाळीत तो आणखी दबतो आणि आणखी तापतो. मोठ्या टायरला पूर्ण थंड व्हायला २४ तासांपर्यंत लागतात, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतला आकडा थंड समजू नका.

सगळे टायर एकदम तापत असतील तर कारण टायरमध्ये नाही, कामात आहे: वेग, फेरीचं अंतर किंवा भार वाढलाय. टायरवरचा सरासरी भार टनांत आणि पाळीतला सरासरी वेग ताशी किलोमीटरमध्ये यांचा गुणाकार करा आणि टायरच्या टीकेपीएच (टन-किलोमीटर प्रति तास) आकड्याशी ताडून पाहा. एकच टायर तापत असेल तर आधी त्याची हवा, मग ब्रेक चिकटलाय का, मग माल एका बाजूला भरला जातोय का ते तपासा. तापमान चढतंय आणि दाब जागचा हलत नाही, तर हवा गळते आहे किंवा सेन्सरचं भोक बंद आहे.

समुद्रसपाटीपासून फार उंचावर काम असेल तर आणखी एक गोष्ट. सेन्सर बाहेरच्या हवेशी नव्हे तर स्वतःच्या बंद कप्प्याशी तुलना करून दाब मोजत असेल आणि प्रणाली १४.७ हाच स्थिर आकडा वजा करत असेल, तर ३,००० मीटरवर ती खऱ्या गेज दाबापेक्षा साडेचार पीएसआयच्या आसपास कमी दाखवते. तपासलेल्या मास्टर गेजशी जुळवून ही दुरुस्ती घाला.

गरमीचा अलार्म वाजला तर

वेग कमी करा, गाडी माणसांपासून आणि इतर गाड्यांपासून लांब मोकळ्या जागी उभी करा, टायरवर पाणी मारू नका. रिमवरच्या सेन्सरचा आकडा गाडी थांबल्यावर थोडा चढतो, कारण ब्रेकची उष्णता तेव्हा आत येते. पण जळक्या रबराचा वास, धूर, किंवा चढतच राहणारा आकडा दिसला तर गाडी सोडा. टायरच्या आत रबराची ज्वलनशील वाफ तयार होऊन स्फोट होऊ शकतो, आणि तो आग दिसेनाशी झाल्यावरही होऊ शकतो. निदान ३०० मीटर अंतर आणि २४ तास कोणीही जवळ जायचं नाही. गाडीला विजेची तार लागली किंवा तिच्यावर वीज पडली, तर सेन्सर काहीही दाखवत असला तरी हेच करा. नायट्रोजन भरलेला असेल तर आतल्या ज्वलनाचा धोका कमी होतो, पण अंतर मात्र तेवढंच ठेवायचं.

नेहमी काय चुकतं

सगळ्यात जास्त घोटाळा टायर फिरवल्यावर होतो. पुढचा टायर मागे गेला पण प्रणालीत जागा बदलली नाही, की अलार्म तीन नंबरला वाजतो आणि फिटर चांगल्या टायरला गेज लावून परत येतो. डावीकडून उजवीकडे, पुढून मागे असा एकच क्रम ठरवा आणि टायर बदलाच्या कार्डावर सेन्सर आयडीचा रकाना ठेवा. जागेची नोंद झाल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

महिन्यातून एकदा थंड टायरवर मास्टर गेज आणि स्क्रीन शेजारी ठेवून आकडे ताडा. फरक २-३ पीएसआयच्या वर गेला तर आधी गेज तपासा, मग सेन्सर. बॅटरीचा इशारा आला की पुढच्या टायर बदलाला सेन्सर मागवून ठेवा, कारण आतल्या सेन्सरची बॅटरी बहुधा बदलता येत नाही. नवे सेन्सर गरम पत्र्याच्या कंटेनरमध्ये साठवू नका, बॅटरी बसवण्याआधीच झिजते. टायर भंगारात जाताना सेन्सर आधी काढा. त्यात लिथियम बॅटरी असते. ती कापणीच्या यंत्रात चिरडली तर पेट घेते, म्हणून ती वेगळी गोळा करून द्या.