एक्स्चेंजला स्पेनमध्ये जाताना: स्पॅनिशचे पहिले महिने

एक्स्चेंजवर स्पेनला निघालेल्या मुलामुलींना मी आधी हेच सांगते की विषय इंग्रजीतून असले तरी स्पॅनिशचा वर्ग पहिल्या आठवड्यातच लावा. सत्र सप्टेंबरात सुरू होतं आणि जानेवारीत परीक्षा येतात. "आधी स्थिरावतो, मग बघू" म्हणणाऱ्यांचं सत्र तसंच निघून जातं, कारण एक्स्चेंजच्या मुलांचा गट आपापसात इंग्रजीच बोलतो. बहुतेक विद्यापीठांचं स्वतःचं भाषाकेंद्र असतं. तिथल्या वर्गाचे क्रेडिट आपल्या कॉलेजात धरले जातील का, हे निघण्याआधीच लेखी विचारून घ्या.

शहर निवडायची मुभा असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. बार्सिलोनात कातालान आणि वालेन्सियात वालेन्सियान या भाषा स्पॅनिशच्या जोडीने अधिकृत आहेत, आणि काही तासिका त्यांतूनही होतात. फक्त स्पॅनिश कानावर पडावं असं वाटत असेल तर सालामान्का किंवा ग्रानादा बरं. मी ग्रानादात होते. तिथे वर्गात शिक्षिका 'लोस लिब्रोस' (पुस्तकं) म्हणायच्या आणि रस्त्यावर 'लो लिब्रो' ऐकू यायचं, कारण ग्रानादा ज्या प्रदेशात आहे त्या दक्षिणेकडच्या आंदालुसियात शब्दाअखेरचा 'स' गळतो. हे आधीच माहीत असलं की धीर सुटत नाही.

वर्ग सुरू होण्याआधी पातळी ठरवायची चाचणी होते. अ‍ॅपवर काही महिने सराव केलेली मुलं पर्याय निवडायच्या प्रश्नांत छान गुण मिळवतात आणि ए१ ही अगदी पहिली पातळी सोडून थेट ए२ या दुसऱ्या पातळीत जातात. तिथे पहिल्याच दिवशी जोडीदाराशी बोलायला सांगतात, आणि तोंडातून वाक्य निघत नाही. बोलायची सवय नसेल तर ए१ च मागा. शिवाय बऱ्याच अ‍ॅपमध्ये लॅटिन अमेरिकेतलं स्पॅनिश असतं. स्पेनमध्ये मित्रमंडळींना उद्देशून वापरतात ते 'वोसोत्रोस' (तुम्ही) आणि त्याची क्रियापदं त्यांत भेटतच नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचं. स्पॅनिश इंग्रजीच्या आधाराने शिकू नका, मराठीचा आधार घ्या. वर्गातल्या इंग्रजीभाषक मुलांना 'मे गुस्ता एल काफे' पचवायला आठवडे लागतात. आपल्याला ते 'मला कॉफी आवडते' इतकं सरळ आहे. वस्तू अनेक झाल्या की 'गुस्ता'चं 'गुस्तान' होतं, जसं आपल्याकडे 'पुस्तकं आवडतात'. 'मी' न म्हणता नुसतं 'येते' म्हटलं तरी आपल्याला कळतं, तिथेही क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो. नामांना लिंग असतं याचं आपल्याला नवल नाही, उलट तीनाऐवजी दोनच सांभाळायची. मात्र कोणतं नाम कुठल्या लिंगाचं हे मराठीवरून ठरवू नका. प्रत्येक नाम पुल्लिंगी 'एल' किंवा स्त्रीलिंगी 'ला' लावूनच पाठ करा. 'ला मानो' म्हणजे हात, आणि तो स्त्रीलिंगी आहे.

उच्चारांतही आपण पुढे असतो. त्यांचे त आणि द आपल्यासारखे दंत्य आहेत, क आणि प मध्ये हकार नाही. मेहनत लागते ती जोरात घोळवायच्या दुहेरी र ला, आणि 'ग्राथियास' (धन्यवाद) मधल्या 'थ'सारख्या ध्वनीला. तो आपला थ नव्हे, जिभेचं टोक दातांत हलकं धरून हवा सोडायची.

मराठी जिथे पुरत नाही अशी मोठी जागा म्हणजे 'सेर' आणि 'एस्तार'. आपलं एकच 'आहे' तिथे दोन क्रियापदांत विभागलं जातं. ओळख, गाव, व्यवसाय, स्वभाव यांना 'सेर'. एखादी वस्तू कुठे आहे, माणूस दमला आहे की आजारी, याला 'एस्तार'. नियम वाचून हे बसत नाही. रोज रात्री दिवसभराबद्दल पाच-सहा वाक्यं लिहा आणि शिक्षिकेकडून तपासून घ्या. मला याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

पहिल्या धड्यातली अक्षरं आणि आकडे कंटाळवाणे वाटतात, पण लगेच लागतात. मुक्काम सहा महिन्यांहून जास्त असेल तर आल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. खिडकीवर आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगावं लागतं. स्पॅनिश माणसाला सहसा दोन आडनावं असतात, त्यामुळे अर्जात दुसऱ्या आडनावाचा रकाना असतो. कर्मचारी विचारतो, "सेगुंदो आपेयीदो?" तेव्हा "सोलो तेंगो उनो", म्हणजे माझं एकच आहे, असं सांगायचं आणि पासपोर्ट पुढे करायचा. वडिलांचं नाव तिथे भरू नका, पुढे प्रत्येक कागदावर तेच आडनाव होऊन बसतं.

वर्गाबाहेरच्या सरावासाठी 'इंतेरकांबियो' शोधा. इंग्रजी शिकू पाहणारा स्पॅनिश विद्यार्थी आणि तुम्ही, अर्धा वेळ त्याची भाषा, अर्धा वेळ इंग्रजी. विद्यापीठाच्या सूचनाफलकावर अशा जाहिराती असतात. वेळ घड्याळ लावून वाटून घ्या आणि सुरुवात स्पॅनिशने करा. इंग्रजीने सुरुवात झाली की गप्पा रंगतात आणि स्पॅनिशची पाळी येतच नाही.