रायडिंग मोअरचा रेग्युलेटर बदलताय? या चुका टाळा

एप्रिलमध्ये इथे ओहायोत गवत मातायला लागतं आणि नेमकी तेव्हाच मोअरची (बसून चालवायच्या गवत कापणीच्या यंत्राची) बॅटरी मान टाकते. गेल्या वर्षी मी आधी नवी बॅटरी घेतली. पंधरा दिवसांत तीही उतरली, म्हणून रेग्युलेटर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा पार्ट, मागवला. तो बसवूनही मीटरवर 12.3 व्होल्टच! व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं. त्यांची उमर स्कूटरवर गेलेली. म्हणाले, "अरे, बॉडी अर्थ बघितलास का?"

नव्हता बघितला. रेग्युलेटरचा बोल्ट काढला तर खाली ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमलेली. बऱ्याच मोअरमध्ये रेग्युलेटरला अर्थची वेगळी वायर नसते, त्याची धातूची बॉडीच अर्थ असते. तिथे गंज किंवा रंगाचा थर आला की चार्जिंग बंद. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासल्या, जुनाच रेग्युलेटर परत लावला आणि मीटर 14.1 वर गेला. (काही इंजिनांत रेग्युलेटर प्लॅस्टिकच्या झाकणावर असतो. तिथे अर्थची वायर असते, ती लावायला विसरू नका.)

मीटर न लावता पार्ट मागवणं

मोअरला गाडीसारखा वेगळा अल्टरनेटर नसतो. फ्लायव्हीलची (इंजिनवरच्या जड चाकाची) चुंबकं फिरतात, खालच्या स्टेटरमध्ये (तारेच्या वेटोळ्यांत) एसी तयार होतो आणि रेग्युलेटर त्याचा डीसी करून बॅटरीला झेपेल एवढाच पुढे पाठवतो. त्यामुळे आधी इंजिन बंद ठेवून बॅटरी मोजा: पूर्ण भरलेली असेल तर 12.6 च्या आसपास. मग इंजिन चालू करा: पीटीओ (पाती फिरवणारी जोडणी) बंद, पार्किंग ब्रेक लावलेला, थ्रॉटल पूर्ण. आता साधारण 13.5 ते 14.7 दिसायला हवं. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर आवरत नाहीये, बॅटरी उकळेल.

आकडा वाढतच नसेल तर लगेच रेग्युलेटरला दोष देऊ नका. आधी फ्यूज पाहा. मग इंजिन बंद करून रेग्युलेटरचा प्लग काढा, इंजिन पुन्हा चालू करून पूर्ण थ्रॉटल द्या आणि स्टेटरच्या दोन वायरींमध्ये एसी मोजा. 15-16 अँपिअरच्या सिस्टीमला 28-30 व्होल्ट तरी यायला हवेत. तेवढे आले नाहीत तर रोग स्टेटरमध्ये आहे, आणि त्यासाठी फ्लायव्हील उतरवावं लागतं. मीटर एसीवर ठेवायला मात्र विसरू नका. मी डीसीवरच ठेवून दहा मिनिटं स्टेटरला शिव्या देत होतो.

नसलेला रेग्युलेटर शोधणं

काही छोट्या इंजिनांत रेग्युलेटर नसतोच. वायरीत एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट) असतो, तोच बॅटरीला दोन-तीन अँपिअर पुरवतो. इंजिनचा मॉडेल नंबर बघूनच पार्ट घ्या. मोअरचा नंबर पुरत नाही, कारण एकाच मोअरवर वेगवेगळी इंजिनं येतात.

वायरींची अदलाबदल

तीन पिनांच्या बऱ्याच रेग्युलेटरमध्ये कडेच्या दोन एसीच्या, मधली बॅटरीची. एसीच्या दोन आपसांत बदलल्या तरी चालतं, मधली चुकली तर नवा पार्ट गेलाच समजा. जुना काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडवा. बॅटरी उलटी जोडली तरी रेग्युलेटर जळतो. चालू इंजिनवर बॅटरी काढून "चार्जिंग बघण्याची" जुनी सवयही इथे नको. मोअरवर वेल्डिंग करायचं असेल तर रेग्युलेटरचा प्लग आधी काढून ठेवा.

बसवलं आणि विसरलं

रेग्युलेटर मुद्दाम पंख्याच्या हवेत बसवलेला असतो. तिथे वाळलेलं गवत साचलं की तो तापतो आणि पुन्हा जातो. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील तर फक्त नवा रेग्युलेटर लावून भागणार नाही, प्लगही बदला. शेवटी हेडलाइट लावून पुन्हा मोजा, कारण लोड नसताना अर्धमेला रेग्युलेटरही बरा आकडा दाखवतो.

माझा नवा रेग्युलेटर अजून गॅरेजच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. इलेक्ट्रिकल पार्ट एकदा लावला की परत घेत नाहीत, हे मला पावतीच्या मागे वाचायला मिळालं.