बिझटॉक सर्व्हर: लायसन्सचा हिशेब आणि अडकलेल्या मेसेजचा माग

‘ऑर्डरी पुढे जात नाहीयेत’ एवढाच निरोप येतो आणि सर्व्हरवर लॉगिन केलेला माणूस पहिल्यांदा होस्ट इन्स्टन्स (बिझटॉकचं काम प्रत्यक्ष चालवणारी विंडोज सर्व्हिस) रीस्टार्ट करतो. बिझटॉकमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या प्रणालींमध्ये मेसेजची देवाणघेवाण घडवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये, ही सवय मोडायला हवी. रीस्टार्टनं मेसेज हरवत नाहीत, ते मेसेजबॉक्स डेटाबेसमध्ये असतातच. पण बिघाड कुठे होता याच्या खुणा पुसल्या जातात, आणि एका प्रकारात तर रीस्टार्टमुळेच चालू असलेलं काम बंद पडतं. तो प्रकार एसएसओच्या (पासवर्ड सांभाळणाऱ्या सिंगल साइन-ऑनच्या) भागात येईल. आधी आपल्याकडे नेमकं काय आहे ते पाहा आणि मग खालून वर या: एसक्यूएल सर्व्हर, एसएसओ, डीटीसी (एकाहून जास्त मशीनवरचे व्यवहार एकत्र पूर्ण करणारा विंडोजचा ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटर), आणि शेवटी पोर्ट (मेसेज आत-बाहेर जाण्याच्या वाटा) व मेसेज.

आवृत्ती आणि कोअर

विंडोजच्या रजिस्ट्रीत एचकेएलएम (HKEY_LOCAL_MACHINE) खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, बिझटॉक सर्व्हर, ३.० असं उघडत जा. तिथे ‘प्रॉडक्टएडिशन’ आणि ‘प्रॉडक्टव्हर्जन’ अशा दोन नोंदी दिसतील. व्हर्जन ३.१३ नं सुरू होत असेल तर तो बिझटॉक २०२०, ३.१२ असेल तर २०१६. ग्रुपमधल्या (एकच बिझटॉक डेटाबेस वापरणाऱ्या) प्रत्येक सर्व्हरवर हे पाहा आणि क्युम्युलेटिव्ह अपडेटही सगळीकडे एकच आहे ना ते तपासा. एका सर्व्हरवर अपडेट चढवलं आणि दुसऱ्यावर राहिलं, तर तोच मेसेज एकदा नीट जातो आणि एकदा अडकतो, आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

लायसन्स कोअरवर मोजतात. कोअर लायसन्स दोन-दोनच्या जोडीत मिळतात आणि प्रत्येक फिजिकल प्रोसेसरला किमान ४ लागतात. म्हणजे दोन कोअरचे दोन प्रोसेसर असलेल्या जुन्या मशीनलाही ८ लायसन्स लागणार. व्हर्च्युअल मशीन असेल तर त्याला दिलेले व्हर्च्युअल कोअर मोजायचे, तिथेही किमान ४. दोन कोअरचं व्हीएम घेतलं तरी लायसन्स ४ कोअरचंच लागतं, त्यामुळे बिझटॉकच्या व्हीएमला ४ पेक्षा कमी कोअर देण्यात काहीच वाचत नाही. उलट दोन-दोन कोअरची तीन व्हीएम केलीत तर १२ लायसन्स जातात आणि हाती ६ कोअरच येतात.

मोजणी फक्त बिझटॉकचा रनटाइम जिथे चालतो त्या मशीनची. डेटाबेस वेगळ्या एसक्यूएल सर्व्हरवर असतील तर त्या मशीनला बिझटॉकचं लायसन्स नको, पण एसक्यूएल सर्व्हरचं मात्र स्वतंत्र लागतं. नव्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात हाच खर्च हमखास राहून जातो. डेव्हलपर आवृत्ती विकास आणि चाचणीसाठीच आहे. ज्या सर्व्हरवरून एकही खरा व्यवहार जातो त्यावर ती चालत नाही. एंटरप्राइझ आवृत्ती किती कोअरवर चालते आहे हे सॉफ्टवेअर अडवून विचारत नाही, म्हणून ही नोंद आपणच ठेवायची: सर्व्हरचं नाव, फिजिकल की व्हर्च्युअल, कोअर, आवृत्ती, सॉफ्टवेअर अ‍ॅशुरन्स (मायक्रोसॉफ्टचा लायसन्ससोबतचा करार) आहे की नाही. व्हर्च्युअलायझेशन सांभाळणाऱ्या टीमनं एखाद्या संध्याकाळी व्हीएमला कोअर वाढवून दिले की लायसन्सची गरजही वाढलेली असते. म्हणून कोअर बदलण्याच्या प्रत्येक विनंतीवर बिझटॉक टीमची संमती घेण्याची पद्धत पाडा.

स्टँडर्ड आवृत्तीच्या मर्यादा मात्र सॉफ्टवेअरच पाळायला लावतं. ग्रुपमध्ये एकच सर्व्हर आणि जास्तीत जास्त ५ अ‍ॅप्लिकेशन्स. डिप्लॉयमेंट नव्या अ‍ॅप्लिकेशनपाशी अडत असेल, किंवा दुसरा सर्व्हर ग्रुपला जोडताना कॉन्फिगरेशन नाकारलं जात असेल, तर परवानग्या तपासण्याआधी आवृत्ती पाहा. अ‍ॅप्लिकेशन्सची अडचण अ‍ॅडमिनिस्ट्रेशन कन्सोलमधल्या ‘मूव्ह टू अ‍ॅप्लिकेशन’नं दोन लहान अ‍ॅप्लिकेशन्स एकत्र करून सुटते. एक सर्व्हर पडल्यावर दुसऱ्यानं काम उचलायला हवं असेल तर एंटरप्राइझला पर्याय नाही.

मुदतीही लिहून ठेवा. २०१६ ची मुख्य सपोर्टची मुदत जानेवारी २०२२ मध्ये संपली, वाढीव जानेवारी २०२७ पर्यंत आहे. २०२० साठी हीच वर्षं एप्रिल २०२८ आणि एप्रिल २०३० आहेत, आणि २०२० ही बिझटॉकची शेवटची आवृत्ती आहे.

एसक्यूएल सर्व्हर: बहुतेक उत्तरं इथेच

इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये ५४१० क्रमांकाची एरर शोधा. मेमरी संपली किंवा बिझटॉकच्या एखाद्या डेटाबेसशी संपर्क तुटला की होस्ट इन्स्टन्स ही एरर नोंदवून स्वतः बंद होतो आणि मिनिटभरात पुन्हा सुरू होतो. रोज रात्री ठरावीक वेळी ५४१० दिसत असेल तर बिझटॉकमध्ये शोधत बसू नका. त्या वेळी एसक्यूएलवर कुठला बॅकअप चालतो, नेटवर्कवर काय घडतं, ते पाहा.

मग एसक्यूएल एजंट (ठरलेले जॉब वेळेवर चालवणारी सर्व्हिस) चालू आहे का ते बघा. मेसेजबॉक्समधले वापरून झालेले मेसेज एजंटचे जॉब साफ करतात. एजंट बंद असेल तरी बिझटॉक सुरुवातीला अगदी सुरळीत चालतो. स्पूल टेबल, म्हणजे मेसेजबॉक्समधल्या मेसेजची यादी, मात्र फुगत राहतं. होस्टच्या सेटिंगमध्ये डेटाबेसमधल्या मेसेजची मर्यादा मुळात ५०,००० असते आणि स्पूलसाठी तिला १० नं गुणतात. स्पूलनं ५,००,००० चा आकडा ओलांडला की बिझटॉक स्वतःहून नवे मेसेज घेण्याचा वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. बाहेरून दिसतं ते एवढंच, की सगळं हळू झालंय. सर्व्हरचा सीपीयू मात्र निवांत असतो, आणि हीच थ्रॉटलिंगची ओळख.

परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये ‘बिझटॉक: मेसेज एजंट’खाली डिलिव्हरी आणि पब्लिशिंग असे दोन थ्रॉटलिंग स्टेटचे काउंटर आहेत. ० म्हणजे सगळं ठीक. ३ म्हणजे प्रोसेसमध्ये एकाच वेळी फार मेसेज आहेत, ४ म्हणजे त्या प्रोसेसची मेमरी वाढली आहे, ५ म्हणजे पूर्ण मशीनचीच मेमरी कमी पडते आहे, ६ म्हणजे डेटाबेस फुगला आहे, ९ म्हणजे थ्रेड जास्त झाले आहेत. ४ दिसलं तर मोठ्या फाइलींचे मॅप (एका रचनेतून दुसऱ्या रचनेत रूपांतर) आणि ३२ बिटचा होस्ट यांच्याकडे आधी बघा. ६ दिसलं तर एजंट आणि ट्रॅकिंग होस्ट. ज्या होस्टला ट्रॅकिंगची (मेसेजच्या प्रवासाची नोंद ठेवण्याची) मुभा दिली आहे त्याचा एक तरी इन्स्टन्स सतत चालू हवा, कारण मेसेजबॉक्समधला ट्रॅकिंगचा डेटा उचलून ट्रॅकिंग डेटाबेसमध्ये तोच नेतो. तो बंद असेल तर एजंट चालू असूनही ६ येतो.

जॉबपैकी ‘बॅकअप बिझटॉक सर्व्हर’ आणि ‘डीटीए पर्ज अँड आर्काइव्ह’ (ट्रॅकिंग डेटाबेस साफ करणारा) हे दोन इन्स्टॉल केल्यावर आपण कॉन्फिगर करून चालू करावे लागतात. पर्जच्या जॉबला ०, १, ३० (तास, दिवस आणि सरसकट पुसण्याचे दिवस) असे तीन आकडे दिले, तर पूर्ण झालेल्या व्यवहारांचा एक दिवसाहून जुना आणि अपुऱ्यांसकट सगळा ३० दिवसांहून जुना डेटा निघून जातो. दुसरीकडे ‘मेसेजबॉक्स मेसेज क्लीनअप’ हा जॉब मुद्दाम बंद ठेवलेला असतो, त्याला रेफकाउंट (मेसेज अजून किती ठिकाणी वापरात आहे याचा आकडा) सांभाळणारा जॉब स्वतः हाक मारतो. यादीत बंद दिसला म्हणून तो चालू करू नका.

डेटाबेस सांभाळणाऱ्यांशी एकदा बसून बोलायलाच हवं असा मुद्दा हा. मेसेजबॉक्सवर आपोआप स्टॅटिस्टिक्स बनवणं आणि अपडेट करणं बंद असतं, आणि त्या एसक्यूएल इन्स्टन्सचं मॅक्स डिग्री ऑफ पॅरलेलिझम (एक क्वेरी एकाच वेळी किती प्रोसेसरवर वाटायची तो आकडा) १ असतं. इतर कुठल्याही डेटाबेससाठी हे चुकीचं वाटेल, म्हणून चांगल्या हेतूनंच कोणीतरी ते बदलतं आणि मग डेडलॉक (दोन प्रक्रिया एकमेकींसाठी अडून राहणं) सुरू होतात. इंडेक्स पुन्हा बांधण्याचा नेहमीचा मेंटेनन्स जॉबही या डेटाबेसवर लावू नका. गरज पडलीच तर सगळे होस्ट थांबवून, बिझटॉकनं दिलेली प्रोसीजर वापरूनच करा.

एसएसओ: रीस्टार्टच्या आधी थांबा

पोर्टचे पासवर्ड आणि अ‍ॅडॅप्टरची सेटिंग एंटरप्राइझ सिंगल साइन-ऑनमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवलेली असतात. ती उघडण्याची गुप्त किल्ली मास्टर सीक्रेट सर्व्हरकडे असते आणि बाकीचे सर्व्हर सुरू होताना ती त्याच्याकडून घेऊन मेमरीत ठेवतात. आता मास्टर सीक्रेट सर्व्हर पडला असं धरा. बाकीचे सर्व्हर मेमरीतल्या किल्लीवर काम चालू ठेवतात. कोणी तिथली एसएसओ सर्व्हिस रीस्टार्ट केली की मेमरीतली किल्ली गेली, नवी मिळायला मास्टर नाही, आणि होस्ट इन्स्टन्स सुरूच होत नाहीत. तोवर चालू असलेलं सगळं काम तिथे थांबतं. लॉगमध्ये मास्टर सीक्रेट उपलब्ध नसल्याची नोंद दिसली, तर आधी तो सर्व्हर उभा करा, तोवर काहीही रीस्टार्ट करू नका.

किल्लीचा बॅकअप इन्स्टॉलच्या दिवशीच घ्या. ‘एसएसओकॉन्फिग’ ही कमांड प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्स, एंटरप्राइझ सिंगल साइन-ऑन या फोल्डरमध्ये आहे. तिला ‘बॅकअपसीक्रेट’ हा पर्याय आणि फाइलचं नाव द्या, ती पासवर्ड मागते. फाइल आणि पासवर्ड त्या सर्व्हरबाहेर, दोन वेगळ्या जागी ठेवा. ही फाइल नसेल तर एसएसओ डेटाबेसचा बॅकअप असूनही त्यातलं काही वाचता येत नाही.

डीटीसी

ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटरशी जोडणी होत नसल्याची एरर आली तर दोन्ही मशीनवर कंपोनंट सर्व्हिसेसमध्ये नेटवर्क डीटीसी अ‍ॅक्सेस, इनबाउंड आणि आउटबाउंड चालू आहे का ते पाहा, आणि फायरवॉलमध्ये १३५ पोर्टसोबत आरपीसीचे बदलते पोर्टही उघडे आहेत का ते पाहा. व्हीएम क्लोन करून बनवलं असेल तर दोन्ही मशीनच्या डीटीसीची ओळख एकच निघते. ‘डीटीसीपिंग’ हे साधन त्याची सूचना देतं. मग एका मशीनवर डीटीसी अनइन्स्टॉल करून, मशीन रीस्टार्ट करून पुन्हा इन्स्टॉल करा. यात सुरक्षेची सेटिंग मूळपदावर जातात, ती परत लावायला विसरू नका.

मेसेज अडकला आहे, पण कुठे

कन्सोलच्या ग्रुप हबवर सस्पेंड झालेले इन्स्टन्स उघडा. सगळ्यात नेहमीची एरर म्हणजे प्रकाशित मेसेज घ्यायला कोणी सबस्क्रायबर (तो मेसेज मागणारा पोर्ट किंवा प्रक्रिया) सापडला नाही. तिच्याबरोबर राउटिंग फेल्युअर रिपोर्टचा वेगळा इन्स्टन्स तयार होतो. मूळ मेसेज उघडू नका, हा रिपोर्ट उघडा आणि त्याच्या मेसेजचं कॉन्टेक्स्ट पाहा. प्रमोट झालेली (मेसेज कुठे पाठवायचा हे ठरवायला पुढे आणलेली) प्रॉपर्टी कुठली, हे इथेच कळतं. ‘मेसेजटाइप’ची ओळ शोधा. तिथे नेमस्पेस, हॅशचं चिन्ह आणि रूट एलिमेंटचं नाव असं एकत्र दिसायला हवं. ओळच नसेल तर रिसीव्ह लोकेशनवर (मेसेज जिथून आत येतो तिथे) ‘पासथ्रू रिसीव्ह’ पाइपलाइन (येणाऱ्या मेसेजवरच्या प्रक्रियेचे टप्पे) लागली आहे. ती मेसेज वाचत नाही, त्यामुळे टाइपही प्रमोट करत नाही. तिथे ‘एक्सएमएल रिसीव्ह’ लावा, मेसेज फाइलमध्ये सेव्ह करून रिसीव्ह लोकेशनला पुन्हा द्या आणि जुना इन्स्टन्स टर्मिनेट करा. ओळ असेल तर सेंड पोर्टच्या फिल्टरशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. नेमस्पेसच्या शेवटी एक तिरपी रेघ जास्त असली तरी जुळत नाही.

सगळं जुळतंय आणि तरी सबस्क्रायबर नाही? मग सेंड पोर्टची स्थिती बघा. ‘स्टॉप्ड’ आणि ‘अनएनलिस्टेड’ यांत मोठा फरक आहे. थांबवलेल्या पोर्टचं सबस्क्रिप्शन कायम असतं, त्याचे मेसेज वाट पाहत राहतात आणि पोर्ट सुरू केल्यावर पुढे जातात. अनएनलिस्ट केलेल्या पोर्टचं सबस्क्रिप्शनच नसतं, त्यामुळे मेसेज तिथवर पोचतच नाही. देखभालीसाठी पोर्ट बंद करताना म्हणून नेहमी ‘स्टॉप’ निवडा.

सेंड पोर्ट मुळात ३ वेळा, दर ५ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो आणि मगच मेसेज सस्पेंड होतो. म्हणजे पलीकडचा सर्व्हर पडल्यावर तुम्हाला कळेपर्यंत पाव तास गेलेला असतो. ‘रिझ्यूम’ करण्याआधी पलीकडे विचारून घ्या: टाइमआउट झालेली विनंती त्यांच्याकडे नोंदली गेली असेल, तर रिझ्यूमनं तीच ऑर्डर दोनदा लागेल.

वेब सर्व्हिसकडे जाणारे मेसेज हळू असतील आणि थ्रॉटलिंग ० असेल, तर होस्टची कॉन्फिग फाइल उघडा. एका पत्त्यावर एकावेळी दोनच एचटीटीपी जोडण्या अशी डॉटनेटची मूळ मर्यादा असते. ‘कनेक्शन मॅनेजमेंट’मध्ये त्या पत्त्यासाठी आकडा वाढवा, पण पलीकडच्याला झेपेल इतकाच. ३२ आणि ६४ बिट होस्टच्या फाइली वेगळ्या आहेत, आणि बदल होस्ट इन्स्टन्स रीस्टार्ट केल्यावरच लागू होतो.

तो रीस्टार्ट करताना आधी रिसीव्ह लोकेशन डिसेबल करा. कॉन्फिगरेशनचा कॅश मुळात ६० सेकंदांनी ताजा होतो, म्हणून निदान मिनिटभर थांबा. सक्रिय इन्स्टन्स शून्यावर आले की एका सर्व्हरचा होस्ट थांबवा, सुरू करा, लॉग वाचा, आणि मगच पुढच्या सर्व्हरकडे वळा.