अमेरिकेत घरी काडतुसं आणि बंदुकीची दारू ठेवताय? या चुका टाळा

घरी काडतुसं भरणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घोळ होतो तो ५० या आकड्यावरून. जुन्या पद्धतीच्या बंदुकांसाठी, खेळ किंवा छंदापुरती, कारखान्यात बनलेली ब्लॅक पावडर (जुनी काळी बंदुकीची दारू) ५० पौंडांपर्यंत केंद्रीय परवान्याशिवाय घेता येते, हे खरं. पण ही सूट केंद्रीय स्फोटक कायद्यापुरतीच आहे. घरात किती ठेवायची हे अग्निसुरक्षेचे नियम सांगतात. बहुतेक ठिकाणी त्यांचा पाया असलेल्या इंटरनॅशनल फायर कोडमध्ये ब्लॅक पावडरची मर्यादा २० पौंड, म्हणजे सुमारे ९ किलो आहे, तीही मूळ डब्यांत.

स्मोकलेस पावडरलाही (आजच्या काडतुसांत भरतात ती, फारसा धूर न करणारी दारू) २० पौंडच. त्यापुढे ५० पौंडांपर्यंत ठेवायची तर किमान एक इंच जाड लाकडाची पेटी किंवा कपाट लागतं. इथं पुन्हा ५० आला, पण दारू वेगळी आणि अटही वेगळी. राज्य किंवा शहर याहून कडक असू शकतं. अशा वेळी सगळ्यांत कमी आकडा पाळायचा. स्थानिक फायर मार्शलला (अग्निसुरक्षा अधिकाऱ्याला) एक फोन केला की प्रश्न मिटतो. कोडमधली ही मुभा एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी (आर-३ वर्ग) आहे, हे मात्र अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

मोजताना चूक होते ती मोठ्या डब्यांमुळे. स्मोकलेसचे आठ पौंडी दोन आणि एक पौंडी चार डबे झाले की २० भरले. स्वस्त पडतो म्हणून तिसरा आठ पौंडी डबा आणला, की लाकडी कपाट आलंच.

‘तिजोरीत ठेवली की सुरक्षित’ हा समज तर धोक्याचाच. स्मोकलेस पावडर उघड्यावर नुसती भडकून जळते. घट्ट बंद पोलादी पेटीत मात्र वायूला वाट मिळत नाही, दाब चढतो आणि पेटीचाच बॉम्ब होतो. लाकूड उष्णता आत उशिरा पोचू देतं आणि दाब फार वाढण्याआधी सांधे सुटतात. मूळ डबेही कमी दाबाला उघडतील असेच बनवलेले असतात, म्हणून दारू बरणीत काढून ठेवू नका. कुलूप लाकडी कपाटालाही लावता येतं.

प्रायमरची (काडतुसाच्या बुडाशी बसणाऱ्या, दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीची) मर्यादा १०,००० आहे. मूळ ट्रेमध्ये ते एकमेकांपासून सुटे राहतात. बरणीत ओतले तर एक उडाला की सगळे उडतात.

तयार काडतुसांच्या संख्येवर फायर कोड घरी मर्यादा घालत नाही, काही राज्यं घालतात. गॅरेजमध्ये ती पेट्रोल, थिनरशेजारी ठेवू नका. मधे १५ फूट अंतर किंवा तासभर आगीला तोंड देणारी भिंत हवी. आगीत सुटं काडतूस फुटतं, पण गोळी जोरात जात नाही. भरलेल्या बंदुकीतून मात्र ती पूर्ण जोरात सुटू शकते.

स्मोकलेसचा डबा उघडल्यावर ईथर किंवा अल्कोहोलसारखा वास आला तर दारू ठीक आहे. आंबट, झोंबणारा वास, तांबूस वाफ किंवा गंजासारखी भुकटी दिसली तर ती विघटित होतेय. डबा घराबाहेर काढा आणि अग्निशमन दलाला विचारा. सांडलेली दारू किंवा प्रायमर व्हॅक्यूम क्लीनरनं ओढू नका, मऊ ब्रश आणि प्लास्टिकची सुपली घ्या. मापकात उरलेली दारू त्याच दिवशी तिच्याच डब्यात परत घाला. दुसऱ्या दिवशी ती कुठली होती याचा अंदाज बांधायची वेळ आली, तर ती वापरू नका.