ब्लॅक बेल्ट करताय? प्रकल्प अडकवणाऱ्या या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी किंवा मिहान या औद्योगिक भागांत क्वालिटी किंवा प्रॉडक्शनला काही वर्षं काढली की लीन सिक्स सिग्माच्या ब्लॅक बेल्टचा, म्हणजे त्यातल्या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्राचा विचार येतोच, आणि तो चांगलाच आहे. सिक्स सिग्मा, म्हणजे आकड्यांच्या आधारे दोष आणि चढउतार कमी करायची पद्धत, १९८६ साली मोटोरोलात सुरू झाली; ती आज डिफाइन, मेझर, अ‍ॅनालाइझ, इम्प्रूव्ह, कंट्रोल अशा पाच टप्प्यांत शिकवतात. वर्गातला बराच वेळ तिसऱ्या टप्प्याच्या आकडेमोडीत जातो. प्रकल्प मात्र पहिल्या दोन टप्प्यांतच बिघडतात, असं माझं ठाम मत आहे.

फी आणि दिवस बघून क्लास निवडणं

सिक्स सिग्माचं प्रमाणपत्र देणारी जगात एकच अधिकृत संस्था नाही. त्यामुळे दोन दिवसांच्या ऑनलाइन परीक्षेलाही ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात आणि काही महिन्यांच्या कामालाही. अमेरिकेतली एएसक्यू ही गुणवत्ता क्षेत्रातली संस्था परीक्षेला बसू देण्याआधी दोन पूर्ण प्रकल्प मागते, किंवा एक प्रकल्प आणि तीन वर्षांचा अनुभव. क्लासवाल्यांना एवढंच विचारा: माझा प्रकल्प कोण तपासणार आणि किती वेळा? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका.

उत्तर आधीच ठरलेला प्रकल्प

‘नवीन मशीन घेऊन रिजेक्शन कमी करणे’ हा प्रकल्प नव्हे, ती खरेदीची मागणी झाली. ‘प्लांटची गुणवत्ता सुधारणे’ हाही नव्हे, कारण त्याला शेवटच नाही. एक लाइन, एक दोष, आजचा आकडा आणि गाठायचा आकडा, एवढं एका वाक्यात मावलं पाहिजे. त्या दोषापायी कंपनीचे किती पैसे जातात, हे अकाउंट्सच्या माणसासोबत बसून सुरुवातीलाच लिहून घ्या. शेवटी बचत दाखवायला गेलात की तो आकडा कोणी मानत नाही.

मोजमाप न तपासता डेटा गोळा करणं

सगळ्यात जास्त मेहनत इथं वाया जाते. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा एकच ढीग दोन जाणत्या माणसांना वेगवेगळा प्रतवारीला द्या. काठावरची फळं दोघांकडे वेगळ्या ढिगात जातील. शॉप फ्लोअरवर डोळ्यांनी होणाऱ्या तपासणीतही हेच घडतं. आणि बारीक मापाचा व्हर्नियर हातात आला म्हणून हा फरक संपत नाही.

म्हणून आधी गेज आर अँड आर करा, म्हणजे मापाचं साधन आणि मापणारी माणसं यांच्यामुळे किती फरक पडतो ते तपासा. दहा नग, तीन ऑपरेटर, प्रत्येकाकडून प्रत्येक नगाचं दोन-तीनदा माप. आधीचं माप कोणाला दिसू द्यायचं नाही. नग मुद्दाम लहान-मोठे, प्रक्रियेची सगळी रेंज दाखवणारे घ्या. एकूण चढउतारात मोजमापाचा वाटा १० टक्क्यांच्या खाली असेल तर पुढे जा. ३० च्या वर असेल तर थांबा आणि आधी गेज, फिक्स्चर किंवा मोजायची पद्धत सुधारा. ‘साहेब, रात्रपाळीत माल खराब येते’ असं सगळे सांगतात आणि तुमच्या डेटात फरकच दिसत नाही, अशा वेळी ऑपरेटरला खोटं ठरवण्याआधी माप तपासा. खरा फरक मापाच्या गोंधळात बुडालेला असू शकतो.

नागपूरकरांनी आणखी एक सांभाळायचं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास आणि हवा कोरडी; जुलैत तीच हवा दमट. पेंट, प्लास्टिक मोल्डिंग, छपाई, खाद्यपदार्थ, यांत एकाच ऋतूचा डेटा घेऊन काढलेला निष्कर्ष पावसाळ्यात टिकेलच असं नाही. वर्षभर थांबता येत नसेल तर जुनी रजिस्टरं काढा आणि तापमान, आर्द्रता यांचा रकाना डेटा शीटमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा.

कंट्रोल लिमिट आणि स्पेसिफिकेशन यांची गल्लत

परीक्षेत पास झालेलेही इथं चुकतात. स्पेसिफिकेशन, म्हणजे माप कुठून कुठपर्यंत चालेल, हे ग्राहक किंवा कायदा ठरवतो. कंट्रोल लिमिट मात्र तुमच्या प्रक्रियेच्या डेटातून निघते: सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन सिग्मा (सिग्मा म्हणजे डेटा सरासरीभोवती किती पसरलाय त्याचं माप). संख्याशास्त्रज्ञ शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या कंट्रोल चार्टचा, म्हणजे मापं क्रमाने बिंदूंनी दाखवणाऱ्या आलेखाचा गाभा हाच. त्या चार्टवर स्पेसिफिकेशनच्या रेघा ओढल्या की चार्टचा उपयोगच संपला.

समजा, २०० ग्रॅम फरसाणाची पाकिटं भरणारं मशीन आहे. एक पाकीट २०२ आलं की ऑपरेटर सेटिंग दोनने खाली करतो, पुढचं १९९ आलं की एकने वर. तो मनापासून काम करतोय. पण प्रक्रिया स्थिर असताना प्रत्येक नगामागे अशी भरपाई केली तर व्हेरिअन्स, म्हणजे सिग्माचा वर्ग, जवळपास दुप्पट होतो. गुणवत्ता-तज्ज्ञ डेमिंग यांनी फनेल आणि गोटीच्या प्रयोगातून हेच दाखवलं. चार्टवरचा बिंदू कंट्रोल लिमिटबाहेर गेला किंवा सलग आठ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तरच हात लावायचा. काही प्रकल्पांत एवढा एक नियम लावूनच निम्मं काम होतं.

क्षमतेचा आकडाही याच क्रमाने येतो. प्रक्रिया स्थिर नसताना काढलेला सीपीके (प्रक्रिया स्पेसिफिकेशनमध्ये किती आरामात बसते ते सांगणारा आकडा) कितीही देखणा असला तरी त्याला अर्थ नाही. आणि ‘दहा लाखांत ३.४ दोष’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्यात सरासरी दीड सिग्माने सरकेल हे गृहीत धरलेलं आहे, तेही समजून घ्या. मुलाखतीत हमखास अडतं.

सुधारणा महिन्याभरात गायब झाली तर

बहुतेकदा सेटिंग जुन्या जागी परत गेलेली असते, कारण नवी सेटिंग का ठेवायची हे तिसऱ्या पाळीला कोणी सांगितलेलंच नसतं. चार्ट कोण भरणार, बिंदू बाहेर गेला तर कोणाला बोलवायचं आणि पहिल्यांदा काय तपासायचं, एवढं एका पानावर लिहा. ते पान मराठीत किंवा हिंदीत असू द्या आणि मशीनला लागूनच लावा. लॅपटॉपमधला इंग्रजी कंट्रोल प्लॅन रात्री दोन वाजता कोणी उघडत नाही.