जुन्या टू-जी साईटवर डेटाचं सामान चढवायला जाताना

2027 च्या सिंहस्थाआधी नाशिकच्या पंचवटी-तपोवनाकडच्या मोबाइल टॉवरच्या साईटवर डेटा वाढवायचाय, त्यामुळे घाई सगळ्यांनाच आहे. हेल्मेट, हार्नेस, टूलकिट सांगत बसत नाही. गच्चीची किल्ली कुणाकडे आहे ते मात्र आदल्या दिवशीच विचारा. काम रात्रीचं असतं आणि सोसायटीचे सेक्रेटरी तेव्हा फोन उचलत नाहीत.

पॉवर बघा. उणे 48 व्होल्टच्या प्लँटवर नवा रेडिओ झेपेल का, मोकळा एमसीबी आहे का, बॅटरी थकलेली तर नाही ना.

आता जीपीएस अँटेना. मागच्या खेपेला हीच राहिली, म्हणून पुन्हा लिहितो: जीपीएस अँटेना. जुनी बीटीएस (साईटवरचं रेडिओ-यंत्र) क्लॉक, म्हणजे फ्रीक्वेन्सी नेमकी ठेवणारा ताल, घ्यायची ई-वन या जुन्या लाइनवरून. ई-वन काढून इथरनेट जोडलं की क्लॉकही गेला, कारण साधं इथरनेट तो आणत नाही; मग तो जीपीएसवरून घ्यावा लागतो. वाईट हे की त्या रात्री काहीच बिघडत नाही. आतला ऑसिलेटर काही काळ तग धरतो, दिवे हिरवे, आपण घरी. मग फ्रीक्वेन्सी हळूहळू सरकते, शेजारच्या सेलवर जाताना कॉल तुटायला लागतात आणि सगळे फीडर (अँटेनाच्या केबली) तपासत बसतात. मर्यादा 0.05 पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत 0.05 भागाची आहे. टीडीडी (एकाच फ्रीक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं-घेणं) असेल तर वेळसुद्धा मायक्रोसेकंदात जुळावी लागते. कुणी म्हणालं, ‘पीटीपीवर मिळेल क्लॉक’ (पीटीपी म्हणजे नेटवर्कमधूनच वेळ पोचवायची पद्धत), तर वाटेतले स्विच पीटीपी सांभाळतात का ते आधी विचारा. खात्री नसेल तर अँटेना न्याच. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नको, सोलर पॅनेलखाली तर नकोच. वर मोकळं आभाळ हवं. केबल मोजून न्या, सर्ज अरेस्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा) विसरू नका. कॅबिनेटमध्ये शिरण्याआधी केबलला खाली एक वाक द्या, पाणी तिथूनच गळून जातं. त्र्यंबकच्या बाजूच्या साईटवर हे केलं नाही, तर पावसाळ्यात कनेक्टर गेलाच म्हणून समजा.

एसएफपी (फायबर जोडायचे छोटे मॉड्यूल) दोन्ही टोकांचे जुळणारे घ्या, एक पॅच कॉर्ड जास्तीची. आयपी आणि व्हीलॅन (नेटवर्कच्या विभागाचा क्रमांक) कागदावर लिहून न्या. ट्रान्समिशनवाल्यांकडून एमटीयू (पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) वाढवून घ्या. 1500 बाइटच्या पॅकेटवर जीटीपीचे (मोबाइल डेटा वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलचे) हेडर चढले की ते मावत नाही, मग पिंग जातो पण पान उघडत नाही.

शेवटी टू-जी कॉल, डेटा, गाडीतून फिरून हँडओव्हर (एका सेलवरून दुसऱ्यावर जाणं), अलार्म तपासा. जुन्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेतलाच असेल. आणि जीपीएस ‘लॉक’ दाखवतंय का ते स्क्रीनवर बघा. नुसती अँटेना बसवली म्हणून रिपोर्टात टिक करू नका.